टाकी किती माणसांची

नवऱ्याचं घर सोडून मी मुलीला घेऊन महाळुंगे पडवळला माहेरी आले, तेव्हा आमच्याकडे नव्या संडासाचं काम निघालं होतं. जुना शोषखड्डा पावसाळ्यात तुंबायचा, परसात वास सुटायचा. भावाने ठरवलं, आता नीट सेप्टिक टँक बांधायचा.

मी कायमची आले की थोडे दिवस राहायला, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. गोठ्यातलं शेण काढायचं, भाजी निवडायची, मुलीला गावातल्या शाळेत नुसतं बसायला पाठवायचं, असं चाललं होतं.

मिस्त्री टेप घेऊन आला. त्याने आधी विहीर पाहिली, मग उताराच्या बाजूला शेवग्यापलीकडे काठीने रेघ ओढली. "हितं घ्या. विहिरीपासून लांब, आन पुढं उपसायला टँकरचा पाइपबी पोचंल." मग आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याने विचारलं, "घरात माणसं किती?"

"चार," आण्णा म्हणाले.

आई, ते स्वतः, भाऊ आणि वहिनी. मी चहाचे कप घेऊन तिथेच उभी होते. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मग अंगणात खेळणाऱ्या माझ्या मुलीकडे. "आन ह्या ताई?"

"ती पावणी हाय."

मी कप कट्ट्यावर ठेवले. आत निघून जावंसं वाटलं, पण गेले नाही.

भावाला ते अवघड झालं असावं. तो मध्येच म्हणाला, "माणसं मोजून काय करायचं? खड्डा तो खड्डा."

"तसं नाय भाऊ," मिस्त्री म्हणाला आणि समजावू लागला. टाकीला दोन कप्पे. पहिल्यात जड असतं ते तळाला बसतं, तेलकट वर तरंगतं, मधलं पाणी दुसऱ्या कप्प्यात जातं आणि तिथून शोषखड्ड्यात मुरतं. तळाचा गाळ जंतू हळूहळू खातात. पण त्यासाठी पाणी टाकीत निदान दिवसभर थांबलं पाहिजे. "माणसं जास्ती न् टाकी बारकी, तर मागचं पाणी पुढच्याला ढकलतं. गाळ बसायच्या आत भायेर. मंग शोषखड्डा चिकटून बंद."

वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मामा, सहा धरा."

परक्या माणसासमोर ती सासऱ्यांशी असं कधी बोलत नसे. आण्णा तिच्यावर चिडले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला धरलं म्हंजे तुझं तिकडचं दार मीच लावल्यासारखं व्हतं. उद्या त्यांचा निरोप आला आन तुला जावं वाटलं, तर?"

तोवर मला वाटत होतं, मी त्यांना जड झाले आहे.

"आण्णा, मी न्हाई जाणार," मी म्हणाले. इतके दिवस हे मी वहिनीलाही सांगितलं नव्हतं.

आई दारातून म्हणाली, "मिस्त्री, पोरगी मोठी व्हईल, तिलाबी पाणी जास्ती लागंल."

"मंग आठ धरू. जत्रंला पावणं येत्यातच की," असं म्हणून मिस्त्रीने रेघ पुढे वाढवली.

खड्डा खणताना वर मुरूम लागला, खाली खडक. त्यात बरेच दिवस गेले. त्याच काळात मी आणि भाऊ तिकडे जाऊन मुलीच्या जुन्या शाळेतून तिचा दाखला घेऊन आलो. टाकी बांधून झाल्यावर आधी पाण्याने भरून गळती पाहिली आणि मग मीच शेणकाल्याची बादली आत ओतली, जंतू लवकर धरावेत म्हणून. संडासात अ‍ॅसिड ओतायचं नाही, जंतू मरतात, अशी ताकीद मिस्त्रीने सगळ्यांना दिली. वहिनीने बाटली त्याच दिवशी शेजारणीला देऊन टाकली.

आता मी मंचरला शिवणाच्या दुकानात जाते. मुलगी कॉलेजात आहे. गेल्या उन्हाळ्यात टाकी उपसायची वेळ आली, तेव्हा टँकर मीच बोलावला. ड्रायव्हरने झाकण उघडून आत बांबू घातला, गाळ कुठवर आला ते पाहिलं आणि म्हणाला, "ताई, सगळं नाय काढत. तळाला थोडं ठेवतो, जंतू ऱ्हातील."

"ठेवा," मी म्हणाले आणि वास घरात येऊ नये म्हणून मागचं दार लावून घेतलं.