वाघूच्या घरातला खडा

हौसा गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो. बेगडेवाडीला धाकट्या भावाकडे गेलतो. निरोप आला तसा मिळेल त्या गाडीनं लोणावळा गाठलं, तिथून कुरवंड्यापर्यंत पायी... पोचलो तर सगळं संपलेलं. शेवटचं पाणी मंजुळानं पाजलं. मंजुळा तिची जुनी मैत्रीण, माझं तिच्याशी वाकडं काही नाही. पण बायको माझी आणि शेवटचा घोट हिच्या हातचा, याचा मला राग आला. दीड महिना झाला, अजून आहे. मी चौथी शिकलेला माणूस. गोड लिहिता येत नाही, आहे ते लिहितो.

मी जळका आहे. हौसाला हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. तेव्हा मी लोणावळ्यात मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावर राखणदार होतो. मागच्या खोलीत आम्ही दोघं राहायचो. शेठ उन्हाळ्यात महिनाभर यायचा, बाकी वर्षभर किल्ल्या माझ्या कमरेला. मी नेमाचा पक्का. हॉलमध्ये पितळी कड्यांचा झोपाळा होता. हौसा एकदा म्हणाली, "घटकाभर बसू का वो?" मी म्हणालो, "मालकाचा हाय त्यो." तिनं परत कधी विचारलं नाही. झोपाळा मात्र मी रोज पुसायचो.

ती चिक्कीच्या भट्टीवर कामाला जायची. दुपारी शेंगदाणे निवडताना तिनं, मंजुळानं आणि आणखी दोघींनी एक खेळ काढला. डब्याच्या पत्र्याच्या झाकणावर खिळ्यानं नऊ घरं ओढली, तीन आडवी, तीन उभी. प्रत्येकीनं मनानंच एक सोंग घ्यायचं... राणी, चोर, वैदू, वाटेल ते. मग ठरवायचं, हे सोंग नेम पाळणारं, मोडणारं, का मधलं? आणि भलं, वाईट, का मधलं? ज्या घरात बसेल तिथं त्याचा खडा पाकाच्या थेंबानं चिकटवायचा. मग गोष्ट रोज थोडी पुढं न्यायची, आणि सोंगानं आपल्या घराला शोभेल असंच वागायचं. तसं वागलं नाही की बाकीच्या भांडून खडा उचकटणार आणि दुसऱ्या घरात नेणार. मंजुळाची राणी नेमाची पण वाईट. झऱ्यावर पहारा बसवायची आणि हुकमाचा कागद दाखवून वाडी तहानेली ठेवायची. हौसाचा वाघू भला, पण नेम मोडणारा. पहारेकऱ्यांना हसवून हसवून लोळवायचा आणि पखाल भरून न्यायचा.

झाकण हौसा घरी घेऊन यायची. रोज संध्याकाळी भाकरी थापताना ती सुरू करायची, "आज वाघूनं काय केलं, ठावं हाय?" सांगताना तिचा चेहरा असा काही फुलायचा... माझ्याबद्दल बोलताना तो तसा कधी फुलला नाही. नसलेल्या माणसावर मी जळत होतो. एकदा विचारलं, "दिसायला कसा हाय त्यो?" म्हणाली, "सावळा. हसरा." सावळा मीही होतो.

मग एके दिवशी मी विचारायला नको ते विचारलं. "मी कुठल्या घरात?" ती म्हणाली, "तुमी नेमाचे." "आन् भला का वाईट?" तिनं भाकरी उलटली. "मधले." आणि अंगणातला एक पांढरा खडा आणून तिथं चिकटवलासुद्धा. मधले! माझं डोकं फिरलं. वाघूचा काळा खडा उचकटला आणि कुंपणापार भिरकावला. हौसा एवढंच म्हणाली, "दगुड व्हता वो त्यो." दुसऱ्या दिवशी ते झाकण मंजुळाकडं गेलं आणि आमच्या घरात वाघूचं नाव थांबलं. त्याच्याबरोबर हौसाची बडबडही थांबली.

पुढं पवनेचं धरण बांधायला घेतलं त्या सुमाराला, एका श्रावणात भर दुपारी वादळ आलं. खालच्या ठाकरवाडीतल्या चार झोपड्यांची छपरं उडाली. माणसं भिजत बंगल्याच्या फाटकाशी आली, त्यात एक ओली बाळंतीण. किल्ल्या माझ्या कमरेला, हौसा माझ्या मागं. खरं लिहितो... दया नंतर आली, आधी डोक्यात वाघू आला. त्यानं जे केलं असतं ते हिच्यादेखत करून दाखवायचं, एवढंच होतं मनात. मी हॉल उघडला. बाळंतिणीला झोपाळ्यावर निजवलं. चार दिवस माणसं राहिली. पाचव्या दिवशी मीच शेठला पत्र टाकून सगळं कळवलं, कारण कळवायचा नेम होता. नोकरी गेली.

बोचकी घेऊन आम्ही तिच्या माहेरी, कुरवंड्याला निघालो. वाटेत ती काही बोलेल म्हणून मी थांबत थांबत चालत होतो. शेवटी मीच म्हणालो, "वाघूनं असंच केलं आसतं का गं?"

"कोण वाघू?" म्हणाली, आणि पुढं गेली.

ते मला आजवर टोचत होतं. तेराव्यानंतर मंजुळा आली, पिशवीतून ते झाकण काढलं. "दाजी, हौसाचं हाय. माझ्याकडं व्हतं." बाकीचे खडे कधीच गेलेले. एकच राहिला होता, पांढरा. माझा. आणि तो वाघूच्या घरात.

"कवा नेला हितं?"

"तुमची नोकरी गेली त्याच दिशी आलती. आमी म्हणलं, पत्र टाकलं म्हंजी मानूस नेमाचाच. लय भांडली, ऐकंनाच. पावसात पाक सुटतो, म्हनून दर दिवाळीला येऊन नवा थेंब लावायची."

मी म्हणालो, "मी तर जळून केलं गं ते."

"तिला ठावं व्हतं. खेळात काय केलं तेवढंच बघायचं, का केलं ते न्हाई."

"मग मला का न्हाई सांगितलं कधी?"

मंजुळा हसली. "म्हणायची, सांगितलं तर उद्यापासनं नेमानं भलं वागत्याल."

इतकी वर्षं हे मंजुळाला ठाऊक आणि मला नाही. त्यावरही मी जळतोच आहे.

परवा दमट हवेनं खडा सुटला. गुळाचा पाक मी जन्मात केला नव्हता. केला, करपला, पण चिकटला. मग वाटेवरनं एक काळा खडा निवडून आणला आणि त्याच घरात लावला. हौसाला आवडलं असतं. घर एक, खडे दोन... त्याचा जरा कडेला लावलाय.