तीनदा आलेला क्लच

तिसऱ्यांदा गाडी घेऊन आले तेव्हा बबनआण्णा चिडलेसुद्धा नाहीत. त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ताई, रविवारी लेकीचं लगीन हाय. ती ह्याच गाडीतून सासरी जाणार. आन् गाडी अजून थरथरतीया."

पौडजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस इंजिनिअर आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. माझा पदवी घेतानाचा फोटो आईने देव्हाऱ्याशेजारी लावलाय. एखादी गाडी दुरुस्त होऊन पुन्हा त्याच तक्रारीसाठी आली, की त्या दिवशी मला त्या फोटोकडे बघवत नाही.

क्लच म्हणजे काय ते आधी सांगते. इंजिन सतत फिरत असतं, चाकं थांबलेली असतात. दोघांची गाठ घालून देते ती क्लचप्लेट. पेडल दाबलं की ती इंजिनापासून सुटते, सोडलं की चिकटते. पेडल अर्धवट दाबून ठेवलं, तर ती धड सुटतही नाही आणि चिकटतही नाही, नुसती घासत राहते. दोन तळहात जोरात चोळून बघा, कळेल. याला हाफ क्लच म्हणतात. प्लेट फार तापली की काचेसारखी गुळगुळीत होते, आणि मग गाडी निघताना थरथरते.

आण्णांची गाडी लेकीच्याच वयाची, चोवीस वर्षांची. पहिल्यांदा आली तेव्हा प्लेट जळलेली होती. नवी बसवली. दोन महिन्यांत परत आली. तेव्हा इंजिन ज्या रबरांवर बसतं ती माउंटिंग्ज बदलली, ऑइल गळतंय का पाहिलं आणि पुन्हा नवी प्लेट टाकली. पौडपर्यंत ट्रायल घेतली, गाडी मस्त चालली. आणि आता ही तिसरी वेळ. मधल्या काळात गाडी तीनशे किलोमीटरसुद्धा चालली नव्हती.

"आण्णा, क्लचवर पाय ठेवून चालवता का?" मी विचारलं.

"तीस वर्सं ट्रक चालवलाय ताई. ताम्हिणी घाट झोपेत उतरंन मी."

"दुसरं कोणी चालवतं?"

"माझ्याबिगर स्टेअरिंगला कुणाचा हात न्हाई."

आमचे मालक शिंदे साहेब मागून ऐकत होते. "काय मॅडम, पुस्तकात हे पान नव्हतं का?"

मला एकच उपाय सुचला. "आण्णा, पुढच्या वेळी गाडी काढाल तेव्हा मला शेजारी बसवा."

"मग परवाच या की. चांद्याहून नांद्याला जायचंय, हितल्या हितं."

परवा संध्याकाळी मी वर्कशॉपच्या गणवेशात, हातात डायरी घेऊन आण्णांच्या गावी, चांद्याला पोचले. गाडी झेंडूच्या माळांनी मढवलेली होती. मागच्या सीटवर फेटा बांधलेला नवरदेव आणि त्याच्या आत्या बसल्या होत्या.

"आण्णा, हे काय?"

"वरात. गावातलं कुणीबी मागतं. ह्या गाडीत बसलेल्याचं एकबी लगीन मोडलं न्हाई, म्हणून लई मागणी. न्हाई कसं म्हणायचं?"

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी किलोमीटर इचारलं. लगनं कुटं इचारली?"

नांद्याच्या मारुतीपासून मांडवापर्यंत अंतर अर्धा किलोमीटर. आम्हाला दीड तास लागला. पुढे बँजो, बँजोपुढे नाचणारी पोरं. ती एक पाऊल पुढे गेली की आण्णा गाडी एक पाऊल पुढे घ्यायचे. डावा पाय सगळा वेळ हाफ क्लचवर.

"आण्णा, न्यूट्रल करा. थांबा जरा."

"नवरदेवाची गाडी वाटंत थांबवायची नसती, ताई. आपशकुन असतो."

थोड्या वेळाने मागून नवरदेवाच्या आत्या म्हणाल्या, "कसला रे वास येतोय?"

"फटाक्यांचा असंल," नवरदेव म्हणाला.

तो वास मी डायरीत लिहून घेतला. मांडवात उतरले तर पुढच्या सीटवरची मुलगी म्हणजे करवलीच, असं समजून एका काकूंनी मला कुंकू लावलं आणि ओटीत घालायला नारळ पुढे केला. गणवेशाला ओटी नसते. नारळ मी डायरीवर घेतला.

दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स उतरवला. प्लेट जळली होतीच. पण प्लेट ज्या लोखंडी चाकावर घासते, त्या फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते. लोखंड अती तापलं की असे डाग पडतात. तिथे नवी प्लेटही नीट चिकटत नाही. पहिल्या दोन्ही वेळी मी प्लेट बदलली आणि चाकावरून नुसतं फडकं फिरवलं. चूक माझीच. शिंदे साहेबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "लेथवर पाठव, वरचा थर तासून घेऊ," आणि एकही टोमणा मारला नाही. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

शनिवारी गाडी तयार झाली. पण रविवारच्या वरातीचं काय? पुन्हा दीड तास घासली की संपलंच.

"आण्णा, गाडी थांबायला नको, एवढंच ना? ती इंजिनानेच चालली पाहिजे, असं काही आहे का?"

आण्णांनी बराच विचार केला. "तसं काय कुणी सांगितल्यालं न्हाई."

रविवारी मांडवापासून वेशीपर्यंत गाडी न्यूट्रलमध्ये गेली. मागून ढकलायला नवऱ्याकडची सहा पोरं, मी आणि जेवायला म्हणून आलेले शिंदे साहेब. "इंजिनिअरिंग केलं ते यासाठी का?" त्यांनी धापा टाकत विचारलं. गाडी कुठेही थांबली नाही.

वेशीवर आण्णांनी इंजिन सुरू केलं, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी लोण्यासारखी निघाली. लेक खिडकीतून मागे बघत होती. आण्णा मात्र समोरच बघत होते, आणि तीस वर्षं ट्रक चालवलेल्या या माणसाने वळणावर दाखवायच्या इंडिकेटरऐवजी वायपर चालू केला.

गाडी त्यानंतर त्या तक्रारीसाठी आलेली नाही. गाडी आली की भरायच्या जॉब कार्डवर 'किलोमीटर'च्या खाली मी पेनाने एक ओळ वाढवली आहे : 'गावात लग्नं किती?' शिंदे साहेब ती पाहून हसले. पुढच्या वेळी कार्डं छापून आली, तेव्हा ती ओळ छापलेली होती.