बिनविरोध म्हणजे काय, ते आज पंचांना कळलं

मंडळी, आज सकाळी आमच्या गावकीचे पंच घरी आले होते. पेणजवळ खाडीकाठचं आमचं गाव. ग्रामपंचायतीला माझ्या सुनेने अर्ज भरलाय, समोर पंचांची सून आहे.

"वहिनी, बिनविरोध करूया. गावाची एकी ऱ्हाईल. तुमच्या सुनेचा अर्ज मागं घ्या."

हा शब्द मी नव्वदच्या दशकातही ऐकलाय. बायकांना राखीव जागा आल्या आणि मी अर्ज भरला. तेव्हा हेच पंच भर देवळात म्हणाले, "गो, मागं घे, नायतर वाळीत टाकू. नणंदेच्या हळदीला कोण येनार नाय तुझ्या दारात." नणंदेचं लग्न ठरलेलं होतं. मी अर्ज मागे घेतला. त्यांची बायको बिनविरोध निवडून आली. गुलाल आमच्या अंगणापर्यंत उडाला होता.

आज मी त्यांना चहा दिला. मग म्हटलं, "व्हय भावोजी, बिनविरोधच करूया. तुमच्या सुनेचा अर्ज मागं घ्या."

चहा तसाच टाकून उठले. कप मी अजून विसळलेला नाही, बघत बसलेय.

तुमच्या गावात बिनविरोध कोण निवडून आलं, हे सगळे सांगतील. त्यासाठी कुणाला खाली बसवलं, तिचं नाव सांगाल?