मालतीबाईंची नात पत्रकं वाटते

सुरतेत गोडादऱ्यातल्या दोन खोल्यांत मालतीबाईंनी सव्वीस वर्षं साड्यांवर खडे चिकटवले. गल्लीतली पोरं शाळेतून आली की आईशेजारी बसून तेच करायची. मालतीबाईंनी मात्र आपल्या गोपालला कधी साडीला हात लावू दिला नाही. जेवलेलं ताटही त्याला उचलू देत नसत. "तू फक्त शिक," म्हणायच्या. तो शिकला, हजिऱ्याला कंपनीत लागला आणि सहा वर्षांपूर्वी बायको-मुलीला घेऊन कॅनडाला गेला.

यंदा जुलैत तो पहिल्यांदाच घरी आला, सोबत नऊ वर्षांची गायत्री. त्याच्या बायकोला, सोनालीला, सुट्टी मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली तशी गायत्री उठली. स्वतःचं ताट घासलं, मग बापाचंही घ्यायला आली.

"राहू दे बेटा, मी आहे ना," मालतीबाई म्हणाल्या.

"आज ताटं घासायची पाळी माझी आहे, आजी. आणि शनिवारी मी पप्पांबरोबर पत्रकं वाटते. एकदा दोनशे घरं केली आम्ही."

मालतीबाईंना वाटलं, शाळेचा काही खेळ असेल. त्यांनी गोपालकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

"काय सांगस ही?"

"खरं आहे, माय. दुकानांच्या जाहिराती असतात, घरोघरी टाकायच्या. पगार घरभाड्यातच जातो. शनिवारी सोनाली कामावर असते. पोरीला एकटं ठेवता येत नाही, आणि सांभाळणारी बाई तासाला मला मिळतात त्यापेक्षा जास्त घेते. म्हणून नेतो सोबत."

मालतीबाईंनी गायत्रीच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"मी तुला उन्हात दुकानावर नाही पाठवलं कधी. आणि तू पोरीला दारोदार फिरवतोस?"

"तू नाही पाठवलंस, म्हणून मला काहीच येत नव्हतं," गोपाल हळूच म्हणाला. "पहिल्या वर्षी साधं अंडं उकडता येत नव्हतं मला. सोनाली रडायची. बाहेरचं काम करून घरचं सगळं तिच्याच अंगावर. पोरीचं असं व्हायला नको."

हे त्यांच्या जिव्हारी लागलं. ज्याला त्या आयुष्यभर माया समजत आल्या, त्याचा पोराला त्रास झाला होता. दोन दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. गायत्रीच्या मात्र रोज वेण्या घालून देत.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोपाल न विचारता ओट्याशी उभा राहिला. मालतीबाई उठायला गेल्या आणि थांबल्या. त्याने भरभर कांदा चिरला, वरणाला फोडणी दिली, पोळ्या लाटल्या. जराही वाकड्या नव्हत्या.

पोराच्या हातचं त्या पहिल्यांदाच जेवत होत्या. दोन घास खाल्ले आणि हात थांबला.

"तिखट झालं का?" त्याने विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "सोनालीला काही यायचं का रे, लग्न झालं तेव्हा?"

"तिलाही नव्हतं येत. आधी ती शिकली, मग मला शिकवलं."

त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि आणखी एक पोळी मागितली.