मागच्या बाकावरची नेमणूक

माझी मुलगी तिसरीत गेली आणि तिच्याबरोबर मीही. बोईसरच्या त्या शाळेने अटच घातली होती, की आई वर्गात बसणार असेल तरच मुलीला घेऊ. मुलगी फार कमी बोलते आणि घंटेचा आवाज तिला सोसत नाही. घंटा झाली की ती किंचाळत बाकाखाली शिरायची. म्हणून मी कंपनीतलं पॅकिंगचं काम सोडलं आणि शेवटच्या बाकावर गुडघे आखडून तिच्याशेजारी बसू लागले. घंटेच्या आधी तिच्या कानांवर हात ठेवायचे, एवढंच खरं माझं काम.

दातिवऱ्याला माझी आई बोंबील वाळवते आणि विकते. तिला हे सांगितलं तर ती हसतच सुटली. "तवा शालंत बसायचा कंटाला करायचीस ना? आता बस!" तेव्हा मीही हसले.

पुढे हसू येईनासं झालं. वर्गाच्या बाई ऑफिसात गेल्या की मुलं मी सांभाळायची, शुद्धलेखन मी तपासायचं. मुलं मला 'मागची काकू' म्हणत. मला ताप आला की गैरहजेरी मुलीची लागे. नवरा तारापूरच्या कारखान्यात पाळीवर जातो. तो म्हणायचा, "वाकड्यात शिरू नकोस, पोरीला काढतील." त्याचं चूक नव्हतं, म्हणून तर जास्त राग यायचा. त्या वर्गाच्या भिंती मला रात्री घरीसुद्धा दिसायच्या. मुलीवर जीव होता, पण त्या बाकाचा मला तिटकारा आला होता.

शाळाशाळांतून फिरणाऱ्या एक विशेष शिक्षिका आमच्याकडे अधूनमधून यायच्या. एकदा त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि हळूच सांगितलं, "माझं नाव घेऊ नका. पण पालघरच्या कोर्टात मोफत वकील मिळतो. तिथे विचारा."

वकीलबाई माझ्याहून लहान होत्या. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "ताई, वर्गात लागणारी मदत शाळेनं द्यायची असते. आईनं रोज बसायचं, असं कायद्यात कुठंच नाही." मी तिथेच, अनोळखी माणसांच्या देखत, ढसाढसा रडले. इतके दिवस मला वाटत होतं की शाळा आमच्यावर उपकार करते आहे.

मग अर्ज झाले, हेलपाटे झाले, आणि शेवटी शिक्षण खात्याच्या साहेबांसमोर बैठक लागली. आमच्या मुख्याध्यापिका गोड बोलत होत्या, वकीलबाई मुद्दा सोडत नव्हत्या. साहेबांनी निर्णय दिला: आईला बसायला लावू नये, शाळेने मदतनीस द्यावा. परत येताना मी बेटेगावच्या बहिणीकडे पेढे देऊन आले. कंपनीतल्या जुन्या सुपरवायझरला फोन केला. तो म्हणाला, "या एक तारखेपासून."

मदतनीस मिळेपर्यंत मी फाटकाबाहेर थांबत असे. पहिल्या दिवशी घंटा झाली आणि मुलीची किंकाळी रस्त्यापर्यंत आली. मी फाटकाचे गज धरून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी ती थोडी कमी झाली. मग एक दिवस घंटा झाली आणि आतून काहीच ऐकू आलं नाही. मी घाबरून आत धावले. माझ्या जागी पुढच्या ओळीतली एक मुलगी येऊन बसली होती आणि तिने दोन्ही हातांनी माझ्या लेकीचे कान झाकले होते. तिचे आईवडील कामासाठी उत्तरेकडून आलेले. "काकी, मैं करती हूँ ना," ती म्हणाली. माझी लेक चक्क हसत होती. मी बाहेर येऊन चहा प्यायले. इतका सावकाश चहा मी कित्येक महिन्यांत प्यायले नव्हते.

एक तारीख जवळ आली आणि मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. "मदतनीस नेमला," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच."

"पण बाई, ती आता माझ्याशिवाय बसते."

"तसं कसं? मदतनीस हवा हा आदेश तुम्हीच आणलात ना? आणि तिला तुमच्याइतकं कोण ओळखतं?" मग हसतच त्यांनी कोरा कागद पुढे केला. "नको असेल तर लिहून द्या, पालकांनी मदत नाकारली. पुढे काही झालं तर शाळा जबाबदार नाही."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मी वकीलबाईंना फोन केला. "दाद मागता येईल ताई, मी आहे," त्या म्हणाल्या, "पण पुन्हा सगळं पहिल्यापासून. वेळ लागेल." लिहून दिलं तर पहिल्याच किंकाळीला पोरीला काढतील, मग तोवर तिला कुठे ठेवू? सुपरवायझरला मी नाही म्हणून कळवलं.

एक तारखेला गळ्यात शाळेचं ओळखपत्र घालून मी मागच्या बाकावर बसले. घंटेची वेळ झाली. मी हात पुढे केले तर मुलीने ते बाजूला सारले आणि पुढच्या ओळीकडे मान उंचावून पाहिलं. तिची मैत्रीण जागेवरून उठलीच होती.

"बस खाली," वर्गाच्या बाई तिला म्हणाल्या. "आता तिला मदतनीस आहे."

ती बसली. घंटा झाली आणि माझे दोन्ही हात तिच्या कानांवर असताना माझी लेक किंचाळत बाकाखाली शिरली.