कावळ्याला दिलेला शब्द

सुंदराकाकू टास्मानियाहून परत आली ती 'लव्हली' घेऊनच. कालवणाला मीठ बरोबर लागलं, लव्हली. रिक्षावाल्यानं थेट दारात सोडलं, लव्हली. शेजारची चिमा तोंड पाडून म्हणाली, "काकू, म्हस आटली गं माझी," तर काकूच्या तोंडातून पहिलं तेच बाहेर पडलं. चिमा अजून घुश्शात आहे.

काकू भिवपुरी स्टेशनाजवळच्या गावातली. नवरा कोंडाजी पॉवरहाऊसला नोकरीला होता, चार वर्षांमागं वारला. मुलगा स्वप्नील बदलापूरला कामाला, आणि मुलगी श्रद्धा पार तिकडं, ऑस्ट्रेलियाच्याही खाली लटकलेल्या टास्मानिया बेटावर, वृद्धाश्रमात नर्स. काकूचा आवाज असा, की वालाच्या शेतातून हाक मारली तर स्टेशनावरचा माणूस 'ओ' देतो. आणि ती बोलते सगळ्यांशी. कोंबड्यांशी, मिक्सरशी, संपत आलेल्या सिलिंडरशी. "आजचा दिस काढ रं बाबा," असं म्हणून तिनं सिलिंडरकडून अख्खा गणपती पार पाडून घेतला होता.

अशा बाईला श्रद्धानं तीन महिने तिकडं नेलं. घर छान, हवा गार, आणि बोलायला माणूस नाही. शेजारी दिसला तर हात हलवायचा आणि गॅरेजमध्ये गडप व्हायचा. आठवडाभरात काकू कपड्याच्या मशीनला रागं भरायला लागली. "फिर ना गं नीट, का सासरी निघालीस?" श्रद्धानं ते ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी आईला गाडीत घालून जूडीकडं नेलं.

जूडी साठीची, गुडघाभर बूट घालणारी, आणि प्रत्येक वाक्याला एक 'लव्हली' लावणारी. गावाबाहेर जखमी रानटी जनावरांचं केंद्र होतं, तिथं ती सगळं बघायची. गाडीखाली आलेली, कुत्र्यानं धरलेली, आई मेलेली, अशी तिथल्याच मातीतली जनावरं आणायची, बरी करायची आणि परत रानात सोडायची. कामाला बहुतेक स्वयंसेवक. पगार नाही, चहा मिळायचा.

जूडीनं पहिल्याच दिवशी नियम सांगितला. श्रद्धा मराठी करून सांगत होती.

"आई, इथं जनावरांशी बोलायचं नाही."

"म्हंजी?"

"म्हणजे अजिबात नाही. माणसाच्या आवाजाची सवय लागली की सोडल्यावर ती माणसांकडं येतात, रस्त्यावर येतात, आणि परत गाडीखाली जातात."

"मग जेवायला ये कसं म्हनायचं?"

"नाही म्हणायचं."

"आणि सगळं खाल्लं तर शाब्बास?"

"तेपण नाही."

काकूनं जूडीकडं बघितलं. जूडी हसून म्हणाली, "लव्हली." काकूला वाटलं, बाई दिसायला बरी हाय, पण जनावरांना मुक्यानं वाढते म्हंजे सासुरवासच की.

तरी काकू रमली. टेबलाशी उभं राहून तिला चिरता येईना, तिनं खाली बसकण मारली आणि पाय पसरून रताळ्यांचा ढीग पाडला. रताळी वॉम्बॅटची. वॉम्बॅट म्हणजे डुकराएवढं गुबगुबीत, दिवसभर झोपणारं, काकूच्या नणंदेच्या नवऱ्यासारखं, लडकूदाजींसारखं. आणि वॉलबी म्हणजे कांगारूची धाकटी जाऊ, तीच चण, जरा आखूड. वॉलबीची आईवेगळी पोरं कापडी पिशव्यांत ठेवायची, आईच्या पोटाच्या पिशवीत असल्यासारखी. पिशव्या नेहमी कमी पडायच्या. काकूनं आपली जुनी सुती साडी फाडून रात्रीत चार शिवल्या. दुसऱ्या दिवशी बारीक किनारीच्या लुगड्यातून वॉलबीचं पोर कान काढून बघायला लागलं, तेव्हा काकूनं रुमाल तोंडात कोंबून 'गं माझी बाय' आत दाबलं. जूडीनं ते बघितलं आणि खूण म्हणून अंगठा वर केला.

मग कावळा आला.

मोठा, काळाकुट्ट, आणि डोळा मात्र पांढरा. ट्रकनं उडवला होता. पंख बरा झाला, पण पठ्ठ्या खाईना. नळीनं किती दिवस भरवणार? जूडीनं सांगितलं, शुक्रवारी डॉक्टर येतील. तोवर आपणहून खाल्लं नाही तर सुई देऊन झोपवायचं. रानात सोडून उपाशी मारण्यापेक्षा ते बरं. हे सांगताना तिनं एकदाही 'लव्हली' म्हटलं नाही, त्यावरून काकूला सगळं कळलं. काकूला काम दिलं एकच: मागच्या शांत खोलीत त्याच्यापुढं ताटली ठेवायची आणि निघायचं.

काकूनं ताटली ठेवली. अंडं, खिमा, एक मेलेला उंदीर. कावळ्यानं मान वाकडी केली आणि सूर लावला, "आऽऽऽह... आऽऽऽह..."

काकू दारातच थबकली. आपला कावळा कसा, काव म्हणतो आणि कामाला लागतो. हा रडत होता. आणि तो रडका, शेवटाला खाली ओढलेला सूर तिच्या चांगला ओळखीचा होता. तो भागीचा होता.

भागी म्हणजे तिची नणंद, कोंडाजीची धाकटी बहीण, खालापूरकडं दिलेली. दोघींचं बोलणं बंद होऊन वर्षं झाली होती, ते साडीवरून. स्वप्नीलच्या लग्नात काकूनं भागीला मानाची साडी दिली, आमसुली, जरीकाठाची. भागीनं भर मांडवात घडी मोडली, काठाजवळचा हळदीचा डाग शोधून काढला आणि तो सूर लावला, "वयनीऽऽऽ, ही तर मीच तुला घरभरनीला दिली व्हतीऽऽऽ." आहेराच्या साड्या कपाटातून फिरतात, सगळ्यांच्याच घरी फिरतात. पण देणारणीच्याच पदरात परत पडली, ती काकूच्या हातून. काकूनं चूक कबूल करायची, तर ती म्हणाली, "तवा तरी कुठं नवी व्हती?" झालं. भागी साडी घेऊन गेली आणि बोलणं टाकून गेली.

कोंडाजी मधल्या मधे कुढला. तो गेला तेव्हा दहाव्याला उल्हास नदीच्या काठावर पिंड मांडला, तर कावळा शिवेना. चुलत सासरे आबाजी पुढं झाले. "कोंडाजी, म्हशी इकनार नाय." कावळा जांभळीवर बसून चोच पुसत राहिला. "पोरीला परदेशातनं माघारी बोलवू." नाही. "तुझा रेडिओ दुरुस्त करून घेऊ." कावळा जरा हलला, पण ते बूड सरकवायला. मग आबाजी वळून म्हणाले, "कुनाचं काय ऱ्हायलं असंल तर बोला गं बायांनो." एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला भागी. जमलेल्या सगळ्यांना माहीत होतं काय राहिलं होतं. दोघी नदीकडं बघत राहिल्या. शेवटी दर्भाचा कावळा करून त्यालाच शिववलं आणि लोक जेवायला गेले.

आता दुनियेच्या दुसऱ्या टोकाला, पांढऱ्या डोळ्याचा हा कावळा ताटलीला शिवत नव्हता आणि भागीच्या सुरात रडत होता.

काकूनं दार लोटलं, हात जोडले आणि सुरुवात केली. नियम ती मोडत नव्हतीच. बोलायचं नाही असा नियम होता, हे तर कुजबुजणं.

"खा रं बाबा. स्वप्नील शेलूला फ्लॅट घ्यायचा म्हनतोय, घेऊ दे. मी आडवी येनार नाय."

कावळा ढिम्म.

"चिमाच्या कोंबड्या परसात आल्या तर दगड मारनार नाय." जरा थांबून, "मोठा मारनार नाय."

ढिम्म.

"श्रद्धाला लग्नाचं इचारनार नाय." कावळ्यानं पांढरा डोळा रोखला. "बरं, फोनवर इचारनार नाय. समोर आली तर तोंडातनं जानारच की रं, आई हाय मी."

मंगळवार गेला, बुधवार गेला. काकू रोज ताटली ठेवायची, हात जोडून पिंजऱ्यापुढं उभी राहायची आणि घरातलं, गोठ्यातलं, गावकीतलं जे आठवेल ते कबूल करायची. आबाजींनाही एवढं सुचलं नसतं. गुरुवारी तिच्याकडं कबूल करायला काही उरलं नाही. एक सोडून. ते आत कुठंतरी बसलं होतं, फणसाच्या चिकासारखं. कावळा मान खाली घालून बारीक आवाजात "आऽऽह" करत होता. उद्या डॉक्टर.

"बरं बाई," काकू म्हणाली. कावळ्याला बाई म्हणाली. "जाईन मी भागीच्या दारी. पयली मीच बोलंन. झालं?"

बोलली आणि डोळे भरून आले. टिपायला पदर शोधला, तर अंगात केंद्राचा झगा. भिंतीवर कागदी रुमालांचा डबा होता. ती तिकडं वळली, नाक शिंकरलं, आणि पाठीमागं ताटली वाजली. टक्क. टक्क टक्क.

वळून बघते तर अंडं गायब आणि उंदराची शेपटी चोचीत.

काकू खोलीतून धावत सुटली ती केंद्राचे सगळे नियम तुडवत ओरडत गेली, "शिवला गं, शिवला." वॉम्बॅटसुद्धा जागा झाला.

जूडीला काही सांगायची गरज नव्हती. खोलीत कॅमेरा होता. तिनं त्याच दुपारी तिन्ही दिवसांचं बसून बघितलं. संध्याकाळी श्रद्धा न्यायला आली तेव्हा जूडी बोलायला लागली आणि श्रद्धाचा चेहरा बदलत गेला.

"आई, ती विचारते, तू रोज त्याच्यासमोर उभी का राहायचीस? ताटली ठेवून निघायचं सांगितलं होतं."

"लक्ष ठेवत व्हते."

"म्हणूनच तो खात नव्हता. रानातला पक्षी माणसाच्या नजरेसमोर खातो का? आज तू पाठ केलीस, आणि त्यानं खाल्लं."

काकूचे कान लाल झाले. मग हळूहळू तिच्या डोक्यात दुसराच दिवा लागला. "म्हंजी माझ्या बोलन्यानं नाय खाल्लं?"

"नाही गं."

"मग शब्द लागू नाय."

"कसला शब्द?"

सांगावंच लागलं. साडी, डाग, मांडव, नदी, आबाजी, रेडिओ. श्रद्धा अर्धं जूडीला सांगताना हसत होती, आणि नदीशी आली तेव्हा हसत नव्हती. वडिलांच्या दहाव्याला तिला सुट्टी मिळाली नव्हती. जूडीनं सगळं ऐकून घेतलं, चहाचा कप धुऊन पालथा घातला आणि म्हणाली, "मला कावळ्यातलं कळतं. नणंदेतलं नाही."

त्यानंतर कावळा रोज खाऊ लागला आणि काकू रोज ताटली ठेवून, तोंड बंद करून, मुकाट निघू लागली. सोडायच्या दिवशी जूडीनं खोक्याचं झाकण काकूला उघडायला लावलं. कावळा उडाला, मागं बघितलं नाही, आभार नाहीत, काही नाही. निलगिरीच्या शेंड्यावर बसला आणि तिथून मात्र सूर लावला, "आऽऽऽह."

"आई, चल."

"बघ कसा आठवन करून देतोय मेला," काकू म्हणाली.

घरी आल्यावर काकूनं पंधरवडा काढला. आधी जेटलॅग, मग वालाच्या शेंगा, मग पाय दुखतो. रोज सकाळी आपला साधा, काळ्या डोळ्याचा कावळा कुंपणावर यायचा, आणि काकू त्याला सांगायची, "पाठ केली म्हनून खाल्लं त्यानं. जूडीबाईला इचार." कावळा काही म्हणायचा नाही. एके दिवशी त्याचं ते न बोलणंच असह्य झालं. काकूनं कर्जतच्या बाजारात नवी साडी घेतली, दुकानदाराचं बिल मुद्दाम घडीत ठेवलं आणि खालापूरची एसटी पकडली.

ओसरीवर भागीचा नवरा लडकू आडवा झाला होता. त्यानं एक डोळा उघडला. "आज सूर्य कुठनं उगवला?"

"दाजी, भागी हाय का?"

भागी दारात आली. हात पिठाचे. काकूला पहिलं बोलायचं होतं, शब्दच होता तसा. एसटीत तिनं सगळं जुळवलं होतं. पण भागीचे केस एवढे पिकलेले बघितले आणि जुळवलेलं सगळं गेलं. तोंड उघडलं तर निघालं, "लव्हली."

"काय?"

"घर. चांगलं रंगवलंस म्हनते."

"दोन वर्सं झाली रंगवून."

"मी आज बगतेय ना."

भागीनं पाणी दिलं. काकूनं साडी दिली. भागीनं हात पुसले, घडी मोडली आणि काठावरून बोट फिरवत, डागासाठी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

"बिल हाय आत," काकू म्हणाली.

"बिल काय, कुनाचंबी ठेवता येतं."

"भागे, चुकलं व्हतं माझं तवा. मांडवातच बोलायला पायजे व्हतं."

भागी घडी घालत राहिली. उलटी घातली, परत मोडली. मग काकूनं साडीच्या पिशव्यांपासून कावळ्यापर्यंत सगळं सांगायला घेतलं. भागीला वॉम्बॅट आवडला, लडकूशी जुळणारा भाग जास्तच. कावळ्यापाशी आल्यावर म्हणाली, "माज्यासारका रडतो? मी कशी रडते?"

काकूनं करून दाखवलं. "आऽऽऽह."

ओसरीवरून लडकू धडपडत आत आला. "काय झालं गं? कोन गेलं?"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं, आणि भागीनं दोन्ही हात तोंडावर धरले तरी हसू बोटांतून सांडलं. हसता हसता ती चुलीपाशी बसली आणि पाठमोरीच म्हणाली, "वयनी, नदीवर मी बोलनार व्हते. आबाजी तुज्याकडं बगत व्हता, म्हनून गप ऱ्हायले."

"मला वाटलं तुज्याकडं बगतोय."

"तिरळा हाय ना गं तो."

भाकरी झाली, सुकट झाली. निघताना भागीनं तांदळाची पिशवी हातात दिली आणि आतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी आणून वर ठेवलं. काकूनं एसटी स्टँडपर्यंतही दम धरला नाही, अंगणातच कागद फाडला. आमसुली, जरीकाठाची. हळदीचा डाग जिथल्या तिथं.

दारातून भागी ओरडली, "मऊ झालीया आता. त्या कांगारूच्या पोरांना पिशव्या शिव. आन परत माज्याकडं आली ना, तर बग."