खापरावरचा मंगळ

चोपड्याच्या सुनंदाताई पाटलांनी अकरा वर्षं अहमदाबादेत बसून मंगळावरचे खड्डे मोजले. आमच्या पिंप्राळ्याच्या रस्त्यावरचे कुणी मोजत नव्हतं, पण ते असो. डोळे अधू होत गेले आणि एक्क्याण्णव साली पूर्ण गेले. ताई पिंप्राळ्याला धाकट्या भावाकडे, हिलालभाऊंकडे येऊन राहिल्या. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. सांत्वनाला येणारे पोहे खाऊन हुंदके देत. ताई प्रत्येकाला "हं" म्हणत. चहा ठेवू का अक्का? हं. वीज गेली अक्का. हं.

दोन वर्षांनी एका अंधशाळेने त्यांना शिकवून दाखवायला एक तास दिला. जमला, तर जूनपासून नेमणूक. ताईंनी हिलालभाऊंच्या बायकोचं, सुगंधावहिनींचं, मांडे भाजायचं मातीचं खापर मागून घेतलं. पालथं घातलं की अर्धा मंगळ तयार! महिनाभर त्या चिकणमाती आणि डिंकाने त्यावर डोंगर, खड्डे बसवत होत्या, बोटांनी अंतर मोजत.

तासाच्या आदल्या दिवशीच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला खापरावर मांडे झाले नाहीत तर खान्देशात सूर्य उगवतो का, हे अजून कुणी तपासलेलं नाही. सुगंधावहिनींनी खापर नळावर नेलं, दगडाने खसाखसा घासलं, चुलीवर चढवलं आणि एकवीस मांडे केले.

"कितली माटी व्हती वो अक्का त्यावर! हात दुखी ग्यात मना."

हिलालभाऊंनी हातातला मांडा ताटात टाकला. "अवं, तो अक्काना मंगळ व्हता!"

"मंगळ? माले वाटनं, चिखल शे!"

"सकाळी तास शे तिना!"

"हं," ताई म्हणाल्या आणि मांडा आमरसात बुडवून खाल्ला.

खापर निवल्यावर त्यांनी माती मागितली. वहिनी ती मळत बसल्या. दिवेलागणीपर्यंत मंगळ पुन्हा जागेवर होता. या वेळी ताईंनी काही मोजलं नाही.

सकाळी रिक्षातून ओला मंगळ मांडीवर घेऊन ताई शाळेत गेल्या. आठ मुलींचे हात खापरावरून फिरू लागले. सातपुड्याकडची गेंदा मध्येच थांबली.

"बाई, ह्या खड्ड्याला काठच नाही."

"हं." मग ताईंनी हात पुढे केला. "कुठे?"

गेंदाने त्यांचं बोट धरून नेलं. वहिनींच्या दगडाने तिथे खापराचा टवका उडाला होता. ताईंनी दोनदा बोट फिरवलं.

"हा नवा आहे. मोज बरं, किती बोटं?"

दुपारी हिलालभाऊ दारातच उभे होते. "जमनं का अक्का?"

"हं."

वहिनींनी पिशवी उचलली आणि बाजारातून मांड्यांसाठी दुसरं खापर आणलं.